पाणकराची वही

आमचं वाचनालय ड वर्गातलं.
म्हणजे दोन खोल्या, एक पंखा,
बाराशे चाळीस पुस्तकं, आणि मी.
स्कॅनर जिल्ह्याहून आला तो ट्रॅक्टरमधून, धानाच्या पोत्यांवर बसून.
अजून त्याच्या झाकणाच्या फटीतून
कोंडा निघतो.

त्याच्यावर पहिली ठेवली ती फागोजी पाणकराची वही.
सन बत्तीस ते सदतीस. टाक, काळी शाई,
मधेच कुणाचं हळदीचं बोट.
कोणाच्या बांधीत किती घटका पाणी,
तुडुमाची खुंटी कधी उपसली,
‘कापगतेचा पोरगा रातीच धुरा फोडते. दोनदा सांगतलं.’

सदतीसच्या भादव्यात वही तुटते,
वाक्याच्या मध्यातच:
‘आज पाळीवरून’
आणि पुढं नुसती दोऱ्याची भोकं.

निखाडे म्हणाला, ताई, सामाईक नोंदवहीत टाकू.
किती संस्था आहेत तिच्यात,
कॉलेजं, मठ, बंद पडलेली मंडळं, कुण्या मालगुजाराची पेटी.
मी विचारलं, मग आपली वही तिकडं जाणार?
नाही. वही इथंच. तिचे फोटोही इथंच.
तिकडं जाईल फक्त काय आहे, कुठं आहे,
आणि एक क्रमांक,
जो जगात दुसऱ्या कशालाच नाही.

मला वाटलं, हे तर फागोजीचंच काम.
त्याच्या वहीत तरी पाणी कुठं होतं?
पाणी तलावात.
वहीत एवढंच, की आज ते कोणाकडं आहे,
आणि वरच्या तलावाची सलंग वाहू लागली
की खालच्या गावाला निरोप कोण नेणार.

नेट येतं ते तलावाच्या पाळीवरच.
मोहाखाली लॅपटॉप उघडून बसले
तर ढिवराची यमुना टोपली टेकवून म्हणे,
का शोधून राह्यल्या मॅडम, मासोळ्या?
हाव, म्हटलं. जाळंच टाकलं.

रकाना तिसरा: कर्ता.
फागोजी शेंडे. कुठं शेंडेकर. गावात नुसता पाणकर.
पडद्यानं विचारलं,
हे तिघं एकच आहेत का?
इतक्या अदबीनं मला आमच्या गावाबद्दल
आजवर कोणी विचारलं नव्हतं.

चौथ्या दिवशी नागपूरहून फोन. तस्नीमबाई.
आमच्याकडं एक गठ्ठा आहे, रद्दीवाल्याकडून घेतलेला.
कर्ता अज्ञात. विषय: हिशेब, किरकोळ.
तुमची नोंद आली आणि यंत्रानं दोन्ही शेजारी मांडल्या,
गावाचं नाव एकच म्हणून.
पहिली ओळ वाचू?

वाचा, म्हटलं. मी पाळीवरच आहे.

‘जाताना भानारकरची म्हातारी भेटली.
तिची पाळी उद्या. आजच सोडलं.
धान पिवळं पडून राह्यलं तिचं.’

मी पुढं काही बोलले नाही.
तिकडून तस्नीमबाईही नाही.
खाली तुडुमाशी पाणी
आपलं आपलं बोलत होतं.

कर्ता दुरुस्त झाला.
‘हिशेब, किरकोळ’ अजून तसंच आहे,
त्यांच्या यादीत पाणीवाटप हा विषयच नाही.
अर्ज केलाय. विचाराधीन.
बत्तीसच्या आधीचीही एक वही असणार,
तिची नोंद केलीय, स्थळ रिकामं ठेवून.

परवा भानारकरचा पणतू आला, तावातावानं.
आमच्या आजीनं दुसऱ्याच्या पाळीचं पाणी घेतलं
असं लिवलं म्हणे? खोडा ते.
खोडता येत नाही दादा, म्हटलं, जोडता येते.
तो बसला. पाणी प्यायला.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
मंग लिवा, तिचं नाव सगुणा होतं.

मी लिहिलं.
पडद्यानं विचारलं: ही व्यक्ती नवी आहे का?
मी वाचून दाखवलं, तसा तो हसला,
नवी कायची बापा,
तिले जाऊन सत्तर सालं झाले.